बोटभर खोड

बाजारात चंदनाच्या नावाखाली जे काही विकतात त्याचा मला मनापासून राग येतो. साबण, पावडर, अगरबत्ती, गाडीत टांगायच्या कुप्या. एकदा नांदेडच्या एका दुकानात मी चंदन पावडरची डबी उघडून वास घेतला आणि दुकानदाराला म्हटलं, "दादा, हे चंदन नाही, अत्तर शिंपडलेली माती आहे." तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळे हेच नेतात." सगळे नेतात म्हणून मीही नेली. घरी येऊन मोरीच्या खिडकीत ठेवली, ती अजून तिथंच आहे.

खरं चंदन असं अंगावर धावून येत नाही. झाडाला तर वासच नसतो. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. लहानपणी आमच्याकडं कुणी शहरातले सोयरे आले आणि आमच्या बांधावर चंदन आहे हे त्यांना कळलंच, तर ते तिथं जाऊन पानं चुरगाळत, सालीला नाक लावत, आणि तोंड पाडून परत येत. वास असतो आत, गाभ्यात. तोही लाकूड वाळल्यावर, दगडावर पाणी घालून घासल्यावर उठतो. तेवढं थांबायची तयारी नसेल त्यानं आपली डबीच घ्यावी.

आमचं गाव चाकूरच्या बाजूचं. रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड बांध होता, तिथं एक कडुलिंब आणि त्याला खेटून एक चंदन. कुणी लावलेलं नव्हतं. पाखरानं बी टाकलं आणि ते आलं. त्याला काळी-जांभळी बारकी फळं लागत, ती खाऊन आमच्या जिभा जांभळ्या होत. चव काही खास नव्हती, पण फुकटचं म्हणून खायचं.

माझे वडील, आबा, त्या झाडाचं नाव कधी घेत नसत. ज्याच्या बांधावर चंदन त्यानं ते बोलायचं नाही, कारण एकाच्या कानावरून दहाच्या कानावर गेलं की एके दिवशी सकाळी जागेवर नुसता बुंधा दिसतो. म्हणून घरात त्याला 'पाव्हणा' म्हणायचे. "पाव्हण्याकडं जाऊन येतो," म्हणून आबा संध्याकाळी बांधावर जात. वाटेनं जाणाऱ्यानं विचारलंच की कसलं झाड, तर तोंडावरची माशी हलू न देता सांगत, "हाय कायतरी रानातलं." मला त्याची फार गंमत वाटायची. एवढा सरळ माणूस, आणि झाडापायी खोटं बोलतो.

एका वर्षी वावटळीत पाव्हण्याची जाड फांदी मोडली. आबांनी ती माळ्यावर टाकून वाळवली, मग वरचं पांढरं लाकूड तासून काढलं आणि आतल्या गाभ्याची गावच्या सुताराकडून दोन खोडं करून घेतली. एक मायचं, एक माझ्या नावानं बाजूला ठेवलेलं. माय म्हणजे आमची आई; आम्ही सगळे तिला मायच म्हणतो.

माझा दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा. शाळेतून येता येता नाकातून रक्त सुरू व्हायचं आणि मी फ्रॉकवर डाग घेऊन दारात उभी राहायची. माय घाबरायची नाही, आधी ओरडायची. "उनात फिरू नको म्हनलं तर ऐकती का तू? पड इथं." उंबऱ्याच्या आत, जिथं फरशी गार असायची, तिथं मला भिंतीला डोकं टेकवून बसवायची. मग सहाण पुढ्यात ओढायची, माठातलं पाणी बोटानं शिंपडायची आणि खोड फिरवायला लागायची. दगडावर लाकूड फिरल्याचा तो ओला, घोगरा आवाज. मग वास यायचा. कपाळावर आणि नाकाच्या दांडीवर लेप पडायचा, आणि तिचं गार बोट भुवयांच्या मधून वर केसांपर्यंत जायचं. रक्त त्या लेपानं थांबायचं की नुसतं बसल्यानं, हे मला माहीत नाही. पण आज इतक्या वर्षांनी मला काय हवं असं कुणी विचारलं, तर मी त्या फरशीवरची जागा मागेन.

गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. कुणाच्या लेकराला घामोळ्या, कुणाचं डोकं धरलेलं, कुणाला उन्हाळी लागून लघवीला जळजळ. उन्हाळी लागली की माय तांदळाच्या धुवणात चंदन उगाळून द्यायची. लेप कुणालाही मिळायचा, खोड मात्र घराबाहेर जायचं नाही. आणि गावात कुणी गेलं की त्या घरचा माणूस गुपचूप मागच्या दारानं यायचा. सरणावर ठेवायला चंदनाची ढलपी हवी असायची. आबा तासून निघालेल्या लाकडातली एक ढलपी कागदात गुंडाळून द्यायचे आणि पाव्हण्याबद्दल तोही माणूस पुढं कुठं बोलायचा नाही. अशा वेळी घेतलेली वस्तू कुणी चावडीवर सांगत नाही.

माझं लग्न झालं ते अर्धापूरकडं. सामानात मायनं माझं खोड आणि नवी सहाण दिली. सहाण म्हणजे चांगला जड दगड. सासूबाईंनी पेटी उघडली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "बगा, लोकाच्या सुना माहेराहून भांडीकुंडी आणतेत, आमच्या सुनंनं धोंडा आणला." मी मुकाट्यानं तो धोंडा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. पुढं एकदा त्यांचं डोकं उठलं, गोळ्या घेऊनही राहीना. मी न विचारता चंदन उगाळलं आणि त्यांच्या कपाळाला लावलं. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सहाण कोपऱ्यातून काढून देवळीत ठेवली. शेजारीण आली तर तिला म्हणाल्या, "सुनंचा धोंडा कामाचा हाय बरं का." त्यानंतर आमचं बरं जमलं.

पण अर्धापूर म्हणजे केळीचा मुलूख. जिकडं बघावं तिकडं ओल, हिरवंगार, बारा महिने पाण्याचा आवाज. लोकांना ते बघून बरं वाटतं, मला गुदमरल्यासारखं व्हायचं. मला आमचा कोरडा बांध हवा असायचा, मुरूम पायाखाली करकरणारा. डोकं दुखत नसलं तरी मी दुपारी खोड उगाळत बसायची. सासूबाई विचारायच्या, "आत्ता काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही, आत्याबाई. जरा कसंतरी होतंय." ते कसंतरी म्हणजे काय, ते त्यांना कळत असावं. त्याही कधीकाळी कुठल्या तरी गावाहून आल्या होत्या.

माहेरी जाताना मी खोड बरोबर न्यायची, कारण माय ते तपासायची. पाय धुऊन मी आत आले की आधी म्हणायची, "काढ बगू." खोड हातात घेऊन फिरवायची. ते सारखं झिजलंय की तिरकं, किती झिजलंय, सगळं बघायची. त्यावरून तिला माझं वर्ष कळायचं. "यंदा लई झिजलंय. कोन बिमार होतं?" मी सांगायची, पोराला गोवर आला होता, नाहीतर ह्यांना उष्णतेचा त्रास. एकदा कुणीच आजारी नव्हतं आणि तरी खोड पुष्कळ झिजलं होतं. माय माझ्याकडं बघत राहिली. मग काही न विचारता तिनं मला दोन दिवसांऐवजी आठवडाभर ठेवून घेतलं.

मग आबांच्या मनात ते आलं. चंदन अंगानं बारीकच राहिलं होतं आणि शेजारचा कडुलिंब मात्र ऐसपैस पसरला होता. आबांना वाटायला लागलं, लिंब त्याच्या वाट्याचं पाणी पितो. माय म्हणाली, "राहू द्या की. एका जागी वाढलेत दोघं." आबा म्हणाले, "पाव्हण्यालाच उपाशी ठेवायचं का मग?" त्यांनी लिंब पाडला. नुसता पाडला नाही, चांगला खणून मुळासकट काढला, चंदनाला जराही धक्का लागू न देता. त्या दिवशी ते इतके खूश होते की फोनवर मला म्हणाले, "आता बग कसा फोफावतो ते."

पहिल्या पावसाळ्यात काही दिसलं नाही. पुढच्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडली. आबांनी घागरीनं पाणी घातलं, शेणकाला घातला, गुळाचं पाणीसुद्धा घातलं. झाड वरून खाली वाळत आलं. वाळलेल्या झाडाला हात लावायचा तर परवानगी लागते, म्हणून आबा तालुक्याला जाणार होते. त्याआधीच एका सकाळी बांधावर नुसता बुंधा आणि भुसा उरलेला दिसला. इतकी वर्षं जिवंत झाड सांभाळलं आणि मेलेलं गेलं. मायनं भुसा तेवढा पदरात गोळा करून आणला आणि डब्यात भरला. भावाच्या तान्ह्या पोरीला धुरी द्यायला तो पुरला.

खरं दुखणं पुढंच होतं. माझा धाकटा भाऊ एकदा ओसरीवर मोबाइलवर चंदनाच्या शेतीचा व्हिडिओ बघत बसला होता, आवाज मोठा ठेवून. मी तेव्हा माहेरीच होते. त्यातला माणूस सांगत होता की चंदन एकटं जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना धरतात आणि त्यांच्यातून पितात. म्हणून त्याच्याजवळ तूर लावा, लिंब असेल तर उत्तम. आबा बाजेवर पडले होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "पुन्हा लाव ते." भावानं पुन्हा लावलं. आबांनी ऐकलं आणि परत आडवे झाले. मला भावाचा राग आला, मोबाइलचा आला, त्या व्हिडिओतल्या माणसाचाही आला. एवढं माहीत होतं तर आधी कुठं होतास, असं त्याला विचारावंसं वाटलं.

 त्या पेरणीला आबांनी बांधावर, बुंध्याभोवती गोल तूर टोकली आणि तिच्याजवळ लिंबाचं रोप लावलं. मेलेल्या झाडाला सोबत आणून दिली. आता काय उपयोग, असं माय म्हणाली असती तर ते खरंच होतं.  पण लिंबाला पाणी घालायला तीच जायची.

आबा गेले तेव्हा सरणावर ढलपी ठेवायची वेळ आली; घरातल्या तर वाटून संपल्या होत्या, म्हणून कुणीतरी म्हणालं, तालुक्याहून आणू. माय आत गेली आणि तिचं स्वतःचं खोड घेऊन आली. वापरून वापरून वीतभर राहिलं होतं. मी म्हटलं, "माय, त्यातला एक तुकडा पुरे." ती म्हणाली, "त्यांच्याच झाडाचं हाय. समदं जाऊ दे." ते अख्खं खोड आबांबरोबर गेलं. जगात पाव्हण्याचं म्हणून आता माझ्याकडचंच तेवढं उरलं.

त्याच्या पुढच्याच वर्षी कोरोना आला. माय त्यातून उठली, पण तिला वास येईनासा झाला. आज ना उद्या येईल म्हणता म्हणता तो आलाच नाही. आधी आम्हाला कळलंही नाही, कारण ती सांगेना. एकदा चुलीपाशी बसलेली असताना दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला आणि ती तिथंच शेंगा फोडत बसली होती. तेव्हा कळलं. जेवताना म्हणायची, "माती खाल्ल्यावानी लागतंय गं." मी दर खेपेला खोड नेऊन उगाळायची आणि सहाण तिच्या नाकाशी धरायची. ती लांब श्वास घ्यायची, माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "येतो की. जरा येतो." माझी माय आबांइतकीसुद्धा खोटं बोलायला शिकली नव्हती.

तरी मी सोडत नव्हते. मला वाटायचं, आणखी थोडं उगाळावं, आणखी दाट करावं, एकदा तरी तिला येऊ दे. खोड झिजत चाललं. शेवटी एकदा तिनं माझा हात धरला. "पुरे कर आता. किती उरलंय बग. तेवढं ठेव मला. त्यांच्यासंगं माझं गेलं, माझ्यासंगं हे येऊ दे." मी खोड पुसलं. बोटभर राहिलं होतं.

त्यानंतर मी ते उगाळलं नाही. आबांच्या जुन्या दस्तीत, म्हणजे हातरुमालात, बांधून कपाटात ठेवलं. डोकं दुखलं की गोळी घेतली. कधी कधी दुपारी कपाट उघडून दस्तीला नाक लावायची. वाळल्या खोडाला वास असून नसल्यासारखाच असतो, पाणी लागल्याशिवाय तो उठत नाही. पण पाणी लावायचं नव्हतं. मायची वस्तू होती ती. आणि ती तिला कधी लागणार, हा विचार मला नको असायचा. मला दोन्ही हवं होतं: खोडही राहावं आणि मायही. मी कपाट झटकन लावून घ्यायची.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले. खोड नेलं होतं, कारण ते जागेवर आहे हे बघितल्याशिवाय मायला चैन पडत नाही. दुपारी कुणाचं न ऐकता मी बांधावर गेले. आबांनी लावलेला लिंब चांगला डोक्यावर गेला होता. त्याच्या सावलीत मी बुंध्याच्या जागी पुन्हा पुन्हा बघितलं, कुठं फुटवा आलाय का. दरवर्षी बघते. काही नव्हतं. घरी येता येता नाकातून ऊन ऊन काहीतरी ओठावर आलं. हात लावला तर रक्त. या वयात, शाळेतून पळत आल्यासारखी मी दारात उभी, साडीवर डाग.

"उनात जाऊ नको म्हनलं होतं ना? पड इथं," माय ओरडली. भाऊ बीपीचं काहीतरी म्हणत गाडी काढायला धावला. मी उंबऱ्याच्या आत फरशीवर, भिंतीला डोकं टेकवून बसले. फरशी आता नवी आहे, पण गार होती. डोळे मिटले होते तरी मला आवाज आला: माय माझी पिशवी उघडत होती.

"माय, बीपीची गोळी आहे त्यात वरच्या कप्प्यात."

तिनं गोळी काढली नाही. दस्तीची गाठ सोडली. सहाण ओढल्याचा आवाज आला. मी उठायला लागले. "माय, नको. ते तुझं आहे."

"माझंच हाय म्हनून तर घेतलं. गप पड."

 तिला आता बोटभर खोड नीट धरताही येत नव्हतं, नखं दगडाला लागत होती. तोच ओला घोगरा आवाज, पण थांबून थांबून. आणि मग तो आला. कोरडा, गोडसर, जरासा दुधासारखा, माठाखालच्या वाळूसारखा. इतके दिवस दस्तीत कोंडलेला वास. तिचं गार बोट भुवयांच्या मधून वर केसांपर्यंत गेलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

"येतो का गं वास?" मायनं विचारलं.

"येतो."

"कसा येतो, सांग."

मी तिला सांगितलं. आधी पाण्याचा येतो, मग दगडाचा, मग आतून त्याचा स्वतःचा. आबा संध्याकाळी बांधावरून यायचे आणि तू सहाण घेऊन बसलेली असायचीस, तेव्हा यायचा तसाच. ती डोळे मिटून ऐकत होती. सहाणेवरचं उरलेलं तिनं स्वतःच्या कपाळाला लावलं. मग खोड पुसून माझ्या मुठीत ठेवलं आणि म्हणाली, "आता हे उगाळत जा. जपू नको. माझ्यासंगं जाळलं तर मला काय वास येनार हाय? मला तर आत्ताबी येत न्हाई."

"मग तुला गं?"

"मला लिंबाची एक फांदी दे. त्यांनीच लावलाय."

भाऊ गाडी घेऊन आला. चाकूरच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवून दिली आणि कपाळावरचा लेप बघून हसले. मी लेप पुसला नाही, तसाच ठेवून अर्धापूरपर्यंत आले.

आता मी रोज उगाळते. थोडंच, आणि सारखं झिजेल असं नीट फिरवून. माझ्या सहाणेवर रोज एवढासा डाग पडतो आणि खोड दिसेल न दिसेल असं कमी होत जातं. ते संपेल हे मला माहीत आहे, आणि त्याची भीती वाटते हेही खरं. माय रोज सकाळी फोन करते. तब्येत नंतर विचारते, आधी म्हणते, "आज कसा आला?" मी सांगते. कधी पाऊस झाला असला तर जरा जड येतो, कधी कोरडा.  मी सांगत असताना पलीकडे ती एक लांब श्वास घेते, तो मला फोनमधून ऐकू येतो.